रिव्हर्ब आणि डिले : प्रतिध्वनी, निनाद, अनुरणन की पडसाद?

प्रश्न (इंदूर, गिटारचे शिक्षक)

माझ्या वर्गात येणारी बरीच मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक गिटारच्या इफेक्ट पेडलांची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या छोट्या उपकरणांची) ओळख करून देणारी एक लहान पुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. रिव्हर्ब आणि डिले या दोन्ही शब्दांचा अर्थ सांगताना लोक सर्रास 'प्रतिध्वनी' म्हणून मोकळे होतात, आणि मला तर या दोहोंतील फरकच समजावून द्यायचा आहे. डिलेसाठी 'विलंब' आणि रिव्हर्बसाठी 'अनुरणन' असे दोन पर्याय मला सुचवण्यात आले आहेत. ते वापरावेत काय? शिवाय पेडलांवरच्या फीडबॅक, मिक्स, डिके आणि प्री-डिले या नॉबांबद्दल मराठीत कसे लिहावे, यावरही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (इंदूर, शास्त्रीय संगीताचे श्रोते)

'विलंब' निदान आपल्या शहरात तरी नको. उस्ताद अमीर खाँ ज्या इंदूरचे, आणि ज्यांच्या गायकीचे नाव काढताच झूमरा तालातली अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, लय आठवते, तेथे संगीताच्या पुस्तिकेत हा शब्द वाचणारा माणूस तो लयीचाच समजणार. डिले पेडलाने लय संथ होत नाही. वाजवलेला स्वर त्याच वेळी ऐकू येतो आणि त्याची नक्कल थोड्या वेळाने परतते. उशीर होतो तो नकलेला, वादनाला नव्हे. संगीताबाहेर पाहिले तरी 'विलंब' म्हटल्यावर रेल्वेची उद्घोषणा आणि विलंब शुल्क यांखेरीज फारसे काही डोळ्यांपुढे येत नाही.

उत्तर (इंदूर, ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील)

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र शब्द निवडण्यापूर्वी या दोन गोष्टी प्रत्यक्षात काय आहेत ते नीट मांडले, तर निवड बरीचशी आपोआप होईल, असे मला वाटते.

डिलेमध्ये मूळ स्वराच्या वेगळ्या, ओळखू येणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या आवृत्त्या परत येतात. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यापाशी समोरचा कडा पुरेसा दूर असेल अशा जागी उभे राहून हाक मारली, तर ती जशी परतते तसाच हा प्रकार आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर १०० मिलिसेकंदांचा डिले म्हणजे साधारण १७ मीटरवरच्या भिंतीवरून परतलेला आवाज होय. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी शालेय पुस्तकांत जे किमान अंतर दिलेले असते, ते हेच. रॉकाबिलीच्या (सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या) वादनातील 'स्लॅपबॅक', म्हणजे झटकन परतणारा एकच पडसाद, साधारण याच मापाच्या आसपासचा असतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि तिचा पाऊण भाग ३७५ मिलिसेकंदांचा. पाश्चात्त्य पद्धतीत ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात, तो डिले हाच. तेवढ्या उशिराने हाक परत यावी असे वाटत असेल, तर कडा सुमारे ६४ मीटर दूर हवा.

रिव्हर्बमध्ये अशी मोजणी शक्यच नसते. इंदूरच्या गांधी हॉलसारख्या मोठ्या, उंच छताच्या इमारतीत टाळी वाजवली की भिंती, छत आणि फरशी यांवरून शेकडो परावर्तने इतक्या लागोपाठ येतात की कानाला ती सुटी ऐकूच येत नाहीत. एकच लांबलेला आणि हळूहळू विरत जाणारा नाद ऐकू येतो. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत याच विरण्याच्या काळाचा अभ्यास केला. आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे माप आजही सभागृहांसाठी वापरले जाते, आणि पेडलावरचा डिके हा नॉब त्याच वेळाशी संबंधित आहे.

आता हा गोंधळ केवळ मराठीचा आहे, असे कोणी समजू नये. ज्या रिकाम्या खोलीत स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून जुने स्टुडिओ रिव्हर्ब मिळवत, तिला इंग्रजीत 'एको चेंबर' म्हणत. उलट टेपच्या साहाय्याने ज्याला आज आपण डिले म्हणतो तो परिणाम देणारी यंत्रेही 'एको' याच नावाने विकली गेली. १९७४ च्या रोलंड आरई-२०१ या यंत्राचे नाव स्पेस एको. त्यात फिरत्या टेपवरचा डिले होता आणि स्प्रिंगचा रिव्हर्बही होता. एकाच डब्यातल्या दोन वेगळ्या परिणामांना एकच नाव पुरले! 'डिले' हा शब्द छोट्या पेडलांवर रुळला तो पुढे. बॉसचे डीएम-२ हे १९८१ चे आणि डीडी-२ हे डिजिटल पेडल १९८३ चे. रिव्हर्बचे साधन मात्र निराळ्याच वाटेने आले. हॅमंड ऑर्गनमधल्या आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगा गिटारच्या दुनियेत शिरल्या, १९६१ मध्ये फेंडरने स्वतंत्र रिव्हर्ब युनिट काढले आणि १९६३ पासून तो अँप्लिफायरमध्येच बसवायला सुरुवात केली. स्टुडिओसाठी ईएमटी १४० ही पोलादी पत्र्याची, अवाढव्य वजनाची यंत्रणा त्याआधीच, १९५७ मध्ये आली होती.

म्हणून माझी सूचना अशी की, उपकरणाचे आणि नॉबाचे नाव 'रिव्हर्ब' व 'डिले' असेच देवनागरीत ठेवावे, कारण दुकानात तेच विचारावे लागते. कानाला काय ऐकू येते ते सांगताना मात्र मराठी क्रियापदांचा आधार घ्यावा. रिव्हर्बने स्वर घुमतो. डिलेने स्वराचे पडसाद उमटतात. 'तीन पडसाद उमटले' असे म्हणता येते, 'तीन घुमले' असे कोणी म्हणत नाही. जो फरक समजावून द्यायचा आहे, तो आपल्या व्याकरणातच आहे.

उत्तर (वडोदरा)

आमच्याकडे गुजराती शेजाराने 'पडघो' हा शब्द मराठी घरांतही कानावर असतो आणि तो 'पडसाद'च्या अगदी जवळचा आहे. 'पडसाद' घेतल्यास वडोदऱ्याच्या मुलांना तो परका वाटणार नाही. वर्तमानपत्रांनी 'घटनेचे तीव्र पडसाद' लिहून लिहून त्याचा मूळ अर्थ झिजवला आहे, एवढीच अडचण.

उत्तर (इंदूर, निवृत्त विज्ञानशिक्षिका)

क्रियापदांचा उपाय मान्य आहे, पण पुस्तिकेत एक नाम लागेलच, आणि तेथे आपण इंदूरकर पेचात पडतो. महाराष्ट्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात रिव्हर्बरेशनला 'निनाद' म्हटले आहे, तर आपली मुले जी हिंदी पुस्तके वाचतात त्यांत 'अनुरणन' आहे. 'निनाद'बद्दल माझी तक्रार अशी की व्यवहारात त्याचा अर्थ मूळचा मोठा आवाज असाच होतो. घंटानिनाद म्हणजे घंटेचा आवाज, घंटा थांबल्यावर राहतो तो नव्हे. 'अनु' या उपसर्गामुळे 'अनुरणन'मध्ये मागाहून येण्याचा भाव स्पष्ट राहतो, शिवाय मुलांना तो शाळेतून परिचितही असतो. मी 'अनुरणन' स्वीकारीन.

उत्तर (इंदूर, शास्त्रीय संगीताचे श्रोते)

येथे मला किंचित हरकत आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात स्वराचे लक्षण सांगताना त्याला 'स्निग्धोऽनुरणनात्मकः' म्हटले आहे. तेथील अनुरणन स्वराच्या स्वतःच्या अंगचे आहे, खोलीच्या भिंतींनी त्याला दिलेले नाही. गिटारची तार छेडल्यावर ती स्वतःच जी वाजत राहते, ज्याला गिटारवादक सस्टेन म्हणतात, त्याच्याशी या शब्दाची गल्लत होईल.

उत्तर (इंदूर, निवृत्त विज्ञानशिक्षिका)

तारेच्या त्या टिकून राहण्याला सतारवादक 'आस' म्हणतात, आणि हा शब्द सुदैवाने अजून कोणी पळवलेला नाही. सस्टेनसाठी 'आस' आणि रिव्हर्बसाठी 'अनुरणन' अशी वाटणी पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच करून टाकली, तर गल्लत होण्याचे कारण उरत नाही. शास्त्रग्रंथातील अर्थ आणि पाठ्यपुस्तकातील अर्थ निराळे असण्याची मराठीला सवय आहे.

प्रश्नकर्ते

वाटणी पटली. आता नॉबांचे काय? फीडबॅकसाठी एकाने 'अभिप्राय' सुचवला. तो मी अर्थातच घेणार नाही.

उत्तर (इंदूर, ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील)

अभिप्राय मागवणारे पेडल अजून बाजारात आलेले नाही. परिभाषेतला 'प्रत्याभरण' अचूक असला तरी बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी तो बसणार नाही. नाव 'फीडबॅक' असेच ठेवून पुढे असे लिहावे: 'परतलेल्या आवाजाचा किती भाग पुन्हा आत पाठवायचा, हे या नॉबाने ठरते, तो जितका जास्त, तितके पडसाद अधिक. काही पेडलांत तो अगदी शेवटपर्यंत फिरवल्यास पडसाद विरण्याऐवजी वाढतच जातात.' स्पीकरसमोर मायक्रोफोन आल्यावर जी शिट्टी वाजते तिलाही फीडबॅक म्हणतात; दोन्हींमागचे तत्त्व एकच असले तरी मुलांना या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात.

मिक्ससाठी 'मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांचे प्रमाण' एवढे पुरे. त्यातील ड्राय आणि वेट यांचे 'कोरडा' व 'ओला' असे शब्दशः रूपांतर करू नये, कारण मराठीत कोरडा आवाज म्हणजे जिव्हाळा नसलेला आवाज, आणि रिव्हर्ब बंद करून वाजवणाऱ्या मुलावर असा आरोप करण्याचे काही कारण नाही.

प्री-डिले हा मात्र नीट समजावून द्यावाच लागेल, कारण नावात डिले असूनही तो रिव्हर्बचा नॉब आहे. मूळ स्वर आणि अनुरणनाची सुरुवात यांच्यामध्ये ठेवलेले अंतर, असा त्याचा अर्थ लिहावा. हे अंतर वीस-तीस मिलिसेकंदांचे ठेवले तरी पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात आधी स्वच्छ ऐकू येतो आणि घुमणे त्याच्या मागून सुरू होते. ते शून्यावर असेल, तर जलद वादनात दोन्ही एकमेकांत मिसळून स्वर गढूळ होतात.