सॅन फ्रान्सिस्को टपाल करार 1875: 89,950 पौंड कशाचे?

टपालवेडा

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वसाहतींचे आगबोटींच्या टपालाचे करार सध्या वाचतोय. 1875 मध्ये न्यू साउथ वेल्स (राजधानी सिडनी) आणि न्यूझीलंड यांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे टपाल आणण्यासाठी अमेरिकेच्या पॅसिफिक मेल कंपनीला वर्षाला 89,950 पौंड कबूल केले. पुढे हाच आकडा 72,500 वर आला. त्याच काळात व्हिक्टोरिया ही वसाहत (राजधानी मेलबर्न) सिलोनमधल्या गॉल बंदराच्या मार्गासाठी एकटीच पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीला 90,000 मोजत होती. एकमेकांना खेटून असलेल्या वसाहतींनी दोन-दोन मार्ग का पोसले? आणि खर्चाची वाटणी कशावर व्हायची, पत्रांवर, लोकसंख्येवर, की ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखी?

हिशेबनीस

तिन्हींवर, पण वेगवेगळ्या काळी.

1850 च्या दशकातला लंडनचा नियम असा: निम्मा खर्च ब्रिटिश सरकारचा, उरलेला निम्मा वसाहतींनी आपापल्या पत्रांच्या प्रमाणात उचलायचा. कागदावर चोख. पण कंपनी आणि रक्कम लंडनमध्ये ठरायची आणि वसाहतींच्या हाती नुसतं बिल यायचं. 1856 मध्ये पी अँड ओला डावलून युरोपियन अँड ऑस्ट्रेलियन कंपनीला वर्षाला 185,000 पौंडांवर ठेका दिला. कंपनीकडे पुरेशा बोटीच नव्हत्या. 1858 पर्यंत तिचं दिवाळं वाजलं.

1873 च्या वसाहतींच्या सिडनी परिषदेच्या सुमारास लंडनने वेगळा प्रस्ताव ठेवला: गॉल, सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्को इथपर्यंत टपाल आम्ही आमच्या खर्चाने आणून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. इथेच फाटे फुटले. मेलबर्नला गॉल सोयीचं, क्वीन्सलंडला टोरेस सामुद्रधुनीतून सिंगापूर, आणि सिडनी-ऑकलंडला पॅसिफिक. ज्या बंदरात बोट आधी लागते तिथल्या व्यापाऱ्याला उत्तर लिहायला जास्त दिवस मिळतात, बाजारभावाची बातमीही आधी कळते. भांडण खरं त्या दिवसांचं होतं, पत्रांच्या संख्येचं नव्हे.

बरं, 90,000 हा व्हिक्टोरियाचा ढोबळ खर्च आहे. शेजारच्या वसाहती तिच्या बोटीने टपाल पाठवायच्या, त्याचे पैसे ती त्यांच्याकडून घ्यायची. म्हणून अनुदानाचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. टपालहशील आणि इतरांकडून आलेली रक्कम वजा करा, मगच तुलना करा.

नाखवा

बोटीच्या बाजूने सांगतो. 72,500 ला घासाघीस समजू नका, ती कामातली कपात आहे.

मूळ योजना फाट्याची होती. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूमार्गे फिजीतलं कांदावू गाठायचं. तिथून एक बोट सिडनीला, दुसरी न्यूझीलंडचा किनारा धरत थेट डनीडिनच्या पोर्ट चाल्मर्स बंदरापर्यंत. हे आलं न्यूझीलंडच्या राजकारणातून. नुसत्या ऑकलंडला बोट लावली तर वेलिंग्टन, लिटलटन आणि डनीडिनचे सभासद संसदेत पैसे मंजूर करणार नाहीत, हे न्यूझीलंडचा पंतप्रधान व्होगेल याला पक्कं माहीत होतं. पण किनाऱ्यावरचं प्रत्येक बंदर म्हणजे कोळसा, बंदरशुल्क आणि वाया गेलेला वेळ. शिवाय कांदावूला चहूकडे प्रवाळाचे खडक. 1874 मध्ये, म्हणजे आधीच्या तात्पुरत्या सेवेतच, 'मॅकग्रेगर' तिथे खडकावर चढली होती. पुढे किनाऱ्याची फेरी वगळली, ऑकलंड हेच न्यूझीलंडचं बंदर ठरलं आणि अनुदान उतरलं. दक्षिणेकडचं टपाल ऑकलंडहून पुढे पोचवण्याचा खर्च मात्र न्यूझीलंडच्या गळ्यात पडला. तो 72,500 मध्ये शोधून सापडणार नाही.

दर चार आठवड्यांनी एक, म्हणजे वर्षाला 13 फेऱ्या. मूळ रकमेने फेरीमागे साधारण 6,920 पौंड पडतात. महाग वाटतं, पण वाटेत माल आणि उतारू बेताचेच, त्यात वॉशिंग्टनकडून छदाम नाही. याच मार्गावरची वेब या अमेरिकन जहाजमालकाची लाइन 1873 मध्ये बंद पडली ती काँग्रेसने अनुदान नाकारल्यामुळेच. त्याआधी वेलिंग्टन-पनामा सेवेला 110,000 पौंड मिळत होते, वाटेत रापा बेटावर कोळशाचा साठाही केला होता. तरी 1866 ते 1869 एवढीच टिकली.

टपालवेडा

म्हणजे बोट उशिरा आली की दंड, हे कलम कंपनीला आणखी खड्ड्यात घालणार! पण इंग्लंडचं टपाल सॅन फ्रान्सिस्कोला आणणारी न्यूयॉर्कची आगगाडीच बर्फात अडकली तर?

नाखवा

कळीचा मुद्दा तोच. इंग्लंडच्या टपालाची वाट बघत बोट सॅन फ्रान्सिस्कोत थांबली तर घड्याळ कधी सुरू होतं, ठरलेल्या तारखेला की शेवटची थैली चढल्यावर? करारात हे सुटलं की दर उशिराला पत्रव्यवहाराची नवी फाइल. कंपनी मग दंडाची भीती आधीच दरात धरते. दंड कडक असला म्हणजे सेवा स्वस्त, असं नाही.

हिशेबनीस

तुलनेसाठी 1888 चा करार बघा. पी अँड ओ आणि ओरिएंट या दोन ब्रिटिश कंपन्या, प्रत्येकी 85,000, आळीपाळीने धावून दर आठवड्याला टपाल. एकूण 170,000, म्हणजे फेरीमागे 3,270 च्या आसपास. सुएझमार्गे माल आणि उतारू भरपूर, म्हणून परवडलं. यातले 95,000 ब्रिटनचे, 75,000 वसाहतींचे, आणि वसाहतींची आपसातली वाटणी लोकसंख्येवर. पत्रं मोजत बसण्यापेक्षा शिरगणती बरी!

ही घडी पुढे मोडली ती पैशावरून नाही. 1901 च्या पोस्ट अँड टेलिग्राफ कायद्याच्या 16 व्या कलमाने टपालाचा ठेका फक्त गोरे खलाशी ठेवणाऱ्या बोटींनाच द्यायचं ठरलं. पी अँड ओच्या बोटी चालायच्या त्या आपल्याकडच्या लस्करांवर, म्हणजे हिंदी खलाशांवर, आणि ब्रिटिश सरकारही ही अट मानायला तयार नव्हतं. शेवटी ब्रिटनने पी अँड ओशी वेगळा करार केला आणि ऑस्ट्रेलियाने 1905 मध्ये एकट्या ओरिएंटला वर्षाला 120,000 पौंड मोजले. आधी सगळ्या वसाहतींना मिळून 75,000 त दर आठवड्याची बोट मिळत होती.