मदत हवी आहे: केनियातल्या मिशनरी कुटुंबाकडे किती दिवस राहावं?

आमच्या ठाण्यातल्या मंडळीचं (चर्चचं) एक जोडपं चार वर्षं केनियात, तुर्कानातल्या लोडवारजवळ सेवेत आहे. आसपास मराठी बोलणारं कुणी नाही. व्हिडिओ कॉल, पार्सल सगळं झालं, पण ताई हल्ली फोनवर गप्पच असतात. म्हणून आम्ही नवरा-बायको जानेवारीत जातोय. ईटीए (केनियात जाण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी), पिवळ्या तापाची लस (निदान १० दिवस आधी) हे ठाऊक आहे. भाषणं, अहवाल, फोटो काही नको. नुसतं सोबत बसायचं, पिठलं-भाकरी करायची. ‘काय आणू?’ विचारलं की ‘तुम्हीच या’ एवढंच उत्तर! घर दोन खोल्यांचं, पाणी विकतचं. पाळकसाहेबांनाही असा अनुभव नाही. अशा घरी कुणी राहून आलंय का? त्यांच्याकडेच उतरावं की गावात खोली घ्यावी, आणि किती दिवसांनंतर आपण त्यांना ओझं व्हायला लागतो?