लुट्झ अवघड का फ्लिप?

सांगलीची आई: पोरगी विश्रामबागेत रोलर स्केटिंग करते, आता टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघून डोकं खातीय. लुट्झ न् फ्लिप या दोन्ही उड्यांत टो पिक (पात्याच्या टोकाचे दात) मारूनच उडतात ना, मग लुट्झला जास्त पॉइंट का ओ?

मिरजकर: ताई, एजमुळं, म्हणजे पात्याच्या कडेमुळं. फ्लिप मागं जाताना आतल्या एजवरनं, लुट्झ बाहेरच्या. म्हणजे वळण एकीकडं आणि गिरकी उलट्या बाजूला, घाटात डावं वळण घेता घेता उजवीकडं उडी मारल्यागत. लय जणांचा पाय ऐनवेळी आत कलतो, त्याला फ्लुट्झ म्हणतात, पॉइंट कापतात. ट्रिपल (तीन गिरक्यांची) लुट्झ 5.90 पॉइंट, ट्रिपल फ्लिप 5.30.

कराडचा पंटर: अ‍ॅक्सल उडी विसरला व्हय! पुढं तोंड करून उडायचं, अर्धी गिरकी जादा. स्पर्धेत क्वाड (साडेचार गिरक्यांचं) अ‍ॅक्सल पहिल्यांदा अमेरिकेच्या इलिया मलिनिननं मारलं, 2022 ला.

सांगलीची आई: बरं झालं सांगितलं, पोरगी हेच म्हणत होती 😀