मदत हवी आहे: यंदा महोत्सवात कोणते सिनेमे येतील? रजेचा अर्ज टाकायचाय

कुंभारवेस
यंदा महोत्सवाला जायचंच आहे. रजा दोनच दिवस मिळते, तीही शुक्रवारच्या आत अर्ज दिला तर. पूर्ण यादी अजून आलेली नाही. चुकवू नयेत असे कोणते सिनेमे येतील आणि कुठल्या दिवशी असतील, एवढंच सांगा. 'गूगल कर' म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

होटगी_रोड
कुठला महोत्सव? गोव्याचा चित्रपट महोत्सव, इफ्फी, तर नोव्हेंबरातच उरकला.

कुंभारवेस
पिफ हो, पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. दोन दिवसांत सोलापूरचा माणूस आणखी कुठं जाणार?

होटगी_रोड
मग तसं लिहा की. आणि तारखा बघितल्यात ना? २०२५ मध्ये तो फेब्रुवारीत होता. यंदा, म्हणजे २०२६ ला, १५ ते २२ जानेवारी आहे.

जुना_प्रेक्षक
कुठला सिनेमा कुठल्या दिवशी, हे आत्ता ब्रह्मदेवही सांगणार नाही. वेळापत्रक अगदी तोंडावर येतं. सिनेमांचा अंदाज मात्र बांधता येतो. मे महिन्यात कान आणि सप्टेंबरात व्हेनिस हे परदेशातले महोत्सव गाजवलेले सिनेमे हिवाळ्यात आपल्याकडच्या महोत्सवांत फिरत असतात. माझी आशा पहिली जाफर पनाहींच्या 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'वर. त्याला २०२५ चा पाम द'ओर, म्हणजे कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. या माणसावर इराणमध्ये २०१० साली वीस वर्षांची चित्रपटबंदी लादली होती, तरी तो चोरून सिनेमे काढतच राहिला. हाही सरकारी परवानगीशिवाय काढलाय. तुरुंगात छळ सोसलेला एक मेकॅनिक, गॅरेजमध्ये आलेल्या माणसाच्या कृत्रिम पायाची करकर ऐकतो आणि त्याला वाटतं, हाच तो. पण त्या वेळी डोळ्यांवर पट्टी होती, मग खात्री कशी करायची? पुढं तो

पूर्वभाग
अहो काका, पुढं नको! निम्मी गोष्ट सांगून टाकली की.

जुना_प्रेक्षक
ही सुरुवात आहे. जाहिरातीतसुद्धा एवढं सांगतात. असो. दुसरा, योआकिम ट्रियरचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', त्याला कानचाच ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार. तिसरा, जिम जार्मुशचा 'फादर मदर सिस्टर ब्रदर', त्याला व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह. यातला एकही येईलच असं मी म्हणत नाही. वितरकाने दिला तर येतो.

चादरवाला
एवढा आटापिटा कशाला बे? चार महिने थांब, सगळं मोबाईलवर येतंय. 'होमबाउंड' कानला गेला, ऑस्करला भारताकडून गेला, आणि मी नेटफ्लिक्सवर अंथरुणात पडून बघितला. रजा पण वाचली, भाडं पण.

पूर्वभाग
अंथरुणात निम्म्यावर झोपला असशील. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, मराठीला पहिल्यांदाच. तो सप्टेंबरात थेटरात लागला तेव्हा तू गेला होतास का?

चादरवाला
विषय काय, तू बोलतोस काय.

अक्कलकोट_नाका
परदेशी सिनेमांना मराठी सबटायटल असतात का? आईला न्यायचंय.

स्टेशन_रोड
गाडीचं बघा आधी. हुतात्मा सकाळी साडेसहाची, पण परतीची पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते. म्हणजे रात्रीचे दोन्ही खेळ हुकले. वंदे भारत परतताना सव्वासातच्या आसपास पुण्यात येते, तीही उपयोगाची नाही. शेवटचा खेळ बघून मध्यरात्रीनंतरची सिद्धेश्वर पकडायची, सकाळी सोलापूर. मी तेच करतो. थंडीत फलाटावर कुडकुडावं लागतं, घोंगडी न्या.

होटगी_रोड
कुंभारवेस, मुक्काम करणार की येऊन-जाऊन? पास काढलाय का? रजा कोणते दोन दिवस?

कुंभारवेस
मुक्काम मित्राकडे, कोथरूडला. पास काढायचाय. रजा १५-१६ टाकणार होतो, म्हणजे उद्घाटनापासून. पण गड्ड्याचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचं, बघावं लागेल. यात्रेत उंच नंदीध्वज मिरवतात, मी त्याच्या सरावाला जातोय.

जुना_प्रेक्षक
हे आत्ता सांगताय! अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, सगळं त्याच आठवड्यात. यात्रेचा पोशाख, बाराबंदी, उतरवून थेट थेटरात बसणार का? १५-१६ सोडा. १९-२० टाका, सोमवार-मंगळवार. रविवार धरून तीन दिवस होतात. तसंही पहिल्या संध्याकाळी भाषणंच जास्त. बरेच सिनेमे दोनदा दाखवतात, त्यामुळं पहिले दिवस गेले तरी फार बिघडत नाही. आणि पास म्हणजे खुर्ची नव्हे. गाजलेल्या सिनेमाला तासभर आधी रांगेत उभं राहा.

पूर्वभाग
रविवारी मरणाची गर्दी असते. मोठ्या नावांच्या मागं लागू नका, ज्या देशाचा एकही सिनेमा बघितला नाही त्याच्या खेळाला जाऊन बसा. मी कायम तसंच करते.

जुना_प्रेक्षक
आणि निम्म्यातून उठून येता, तेही सांगा.

चादरवाला
मला एक कळत नाही. जब्बार पटेल पंढरपूरचे, नागराज मंजुळे जेऊरचे, आणि महोत्सव बघायला आपण पुण्याला जायचं? आपल्या भागवत थेटरला लावा की चार दिवस.

स्टेशन_रोड
लावला तर तू अंथरुणातून उठणार का?

कुंभारवेस
१९-२० चा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं, घरगुती काम लिहिलं. काका, वेळापत्रक आलं की इथंच विचारतो, पनाही सोमवारी नसला तर बघू. बाराबंदी धुवायला टाकायचीय, पळतो.

अक्कलकोट_नाका
सबटायटलचं कोणी सांगेल का?

होटगी_रोड
परदेशी सिनेमांना इंग्रजीतच असतात ताई. आईंना मराठी विभागातले दाखवा.