एकटीने सवाईला जावं का? रागांतलं काही कळत नाही, सोबतही कोणी नाही

लातूरची_हिंजवडीत
नमस्कार मंडळी. मूळची लातूरची, नोकरीला हिंजवडीत. यंदा डिसेंबरमध्ये पुण्यातल्या सवाई गंधर्वला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जायचंच असं डोक्यात घेतलंय पण सोबत यायला कुणी तयार नाही. रूममेट म्हणते आ-आ ऐकायला पैसे कोण घालवणार, ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं तर दोन अंगठे आले आणि पुढे सामसूम. आईला सांगितलं तर तिने पहिलं विचारलं रात्री परत कशी येणार, आणि मग हळूच, एकटीच बसणार का गं तिथे? पहिल्याचं उत्तर शोधता येईल, दुसरं मात्र माझ्याही डोक्यात बसलंय. सिनेमाला मी बिनधास्त एकटी जाते पण तिथे अंधार असतो हो, इथे मैदानात सगळे घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर, आणि मी मध्येच एक पर्स मांडीवर घेऊन.

त्यात मला राग ओळखता येत नाहीत. बाबा सकाळी रेडिओ लावायचे तेवढाच संस्कार. किशोरीताई (आमोणकर), मालिनीताई (राजूरकर) यांचं गाणं काम करताना हेडफोनवर ऐकते पण समोर बसून सलग कधी ऐकलेलं नाही. कुठे बसावं, मध्ये उठलं तर चालतं का, दाद कधी द्यायची, आणि मुख्य म्हणजे एकटीला कंटाळा नाही ना येणार? गेलेल्यांनी सांगा प्लीज.

पेठेतला_आजोबा
जा. विचारत काय बसलीस.

आता सविस्तर. माझ्या मुलीपेक्षा लहान असशील म्हणून अगंतुगं करतो. आमच्या हिला नाट्यसंगीताच्या पलीकडे काही चालत नाही, त्यामुळे मी वर्षानुवर्षं एकटाच जातो. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मरणार्थ हे सुरू केलं, रामभाऊ म्हणजेच सवाई गंधर्व, आणि २०११ मध्ये पंडितजी गेल्यावर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. रमणबागेच्या मैदानावर आम्ही रात्रभर बसलेलो आहोत, कानटोपी, शाल, थर्मास. पहाटे तीनला शेजारचा अनोळखी माणूस आपल्या खांद्यावर डुलक्या काढतोय आणि आपण न हलता बसलोय, कारण हललो तर तो उठेल आणि मोठ्याने खोकेल. पुढे लाउडस्पीकरचा दहाचा नियम आला आणि ती मजा संपली. शनिवारी बहुतेक वर्षी बारापर्यंत परवानगी मिळते, बाकी दिवशी दहाला बंद. दरबारी, अडाणा हे उशिरा रात्रीचे राग आणि पहाटेचे राग यांची त्यात गोची झाली ती झालीच. आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो.

खुर्चीचं तिकीट काढू नकोस, भारतीय बैठक घे. स्वस्त आहे म्हणून नव्हे, खुर्चीवर माणूस एकटा दिसतो, सतरंजीवर कोण कुणाबरोबर आलंय ते कुणाला कळतच नाही. उठताना शाल ठेवून गेलीस तर जागा राहीलच अशी हमी पुण्यात कोणी देऊ नये. शेजारच्या काकूंना सांगून जा, त्या राखतील, वर चार जणांशी भांडून राखतील.

कोमल_निषाद
मी पण एकटीच जाते गं, आणि आता तर कुणी येतो म्हटलं की पोटात गोळा येतो. कारण सांगते. मैत्रिणीला घेऊन गेलं की विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झालं रे झालं की माझं अर्धं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे. बोअर होतेय का, मोबाईल काढला का, आता विचारणार अजून किती वेळ. मग आपणच उगाच आतून घाई करायला लागतो, गाणाऱ्याने द्रुत, म्हणजे जलद गाणं, लवकर सुरू करावं म्हणून, आणि गाणारा बिचारा अजून मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरच रेंगाळतोय, जे खरं तर ऐकायचं असतं. एकटं असलं की ही हमाली नाही. एखादं गाणं नाही जमलं तर निवांत उठून बाहेर स्टॉलवर चहा घ्यायचा, कुणाला कारण द्यायचं नाही.

राग ओळखण्याचं टेन्शन सोड, माझ्या मागे बसून दर वेळी मोठ्याने राग ओळखणारे निम्म्या वेळा चुकतात. त्यापेक्षा एक कर, थोडी लवकर जाऊन पुढे बस आणि तंबोरे लावताना बघ. गायिका मागे वळून एका तारेकडे बोट करते, मागे बसलेली शिष्या तारेखालचा दोरा अगदी केसभर सरकवते, आणि मघाशी बोथट वाजणारी तार एकदम गुंजायला लागते, त्याला जवारी म्हणतात. हे हेडफोनवर कधीच मिळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये हा भाग कापलेला असतो. मग बडा ख्याल, म्हणजे ते संथ लयीतलं मोठं गाणं, सुरू झाला की तबल्याकडे लक्ष ठेव. विलंबित एकताल हा ताल बारा मात्रांचा, पण एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कधीकधी मिनिटभर चालतं, त्यामुळे मोजायच्या भानगडीत पडू नकोस, पुढच्या रांगेतल्या जाणत्या लोकांचे हात बघ. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की ते हात आपोआप वर जायला लागतात. गाणारा कुठेतरी भलतीकडेच आहे असं वाटत असताना नेमका मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर उतरला की आजूबाजूचे पन्नास हात एकदम खाली येतात आणि तुझ्या तोंडातून आपसूक "वा" जातं. दाद कधी द्यायची हा प्रश्न तिथेच मिटतो. आणि त्या क्षणी शेजारी जो कोण असेल त्याच्याकडे बघून आपण हसतो, ओळख ना पाळख. मला एकटेपणा वगैरे काही जाणवलेला नाही तो यामुळे.

तिसरी_घंटा
सगळे जा जा म्हणताहेत तर मी जरा खोडा घालतो. मला नाही जमत एकट्याने. गाणं ऐकायला नाही, ते ऐकतो, पण नंतरचं काय? मैफलीची अर्धी मजा बाहेर आल्यावर असते, मिसळ खात नाहीतर गाडीला किक मारता मारता "अरे तो मारवा राग काय लावला आज" म्हणायला कुणीतरी लागतं. एकटा गेलो की ते सगळं पोटात घेऊन घरी यायचं आणि बायकोला सांगायचं, ती म्हणते हो का, दूध आणलं का. शिवाय शास्त्रीयला एकटं जाणं तरी शोभून दिसतं, मोठ्या रॉक कॉन्सर्टला एकटा माणूस म्हणजे हरवलेला वाटतो.

नेरुळ_फलाट_दोन
@तिसरी_घंटा शेवटच्या वाक्यावर हरकत आहे साहेब. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश रॉक बँड नवी मुंबईच्या डीवाय पाटील स्टेडियमला आला होता, १८, १९ आणि २१ तारखेला, मी एकटा गेलो. मुळात तिकीट मिळालं तेच एकटा असल्यामुळे. चौघांचा ग्रुप एकत्र सीट शोधत बसला तोवर सगळं गेलं, मला कुठेतरी कोपऱ्यात सुटी पडलेली एक सीट चालणार होती. आत गेल्यावर प्रत्येकाच्या हातात लायटीचा पट्टा, गाण्याबरोबर अख्खं स्टेडियम एकाच वेळी रंग बदलतं, त्यात तू कुणाबरोबर आलायस हे बघायला कुणाला फुरसत नसते. शेजारी इंदूरहून आलेली दोन पोरं होती, दुसऱ्या गाण्याला आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होतो, नावं शेवटपर्यंत विचारली नाहीत. नाचायला मला अजिबात येत नाही आणि ओळखीचं कुणी नाही म्हणूनच नाचलो, ऑफिसचं पब्लिक असतं तर व्हिडिओ सोमवारपर्यंत एचआरकडे पोचला असता.

प्रॅक्टिकल गोष्ट एकच, एवढ्या गर्दीत फोनचं नेटवर्क बसतं. एकटं असताना कॅब बुक नाही झाली तर काय याचा विचार आधी करायचा, पॉवर बँक आणि थोडी कॅश जवळ ठेवायची. मी गपचूप चालत नेरुळ स्टेशन गाठलं.

थेम्सकाठची_सून
लंडनहून लिहितेय. इथे उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलला प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम असतात, १८९५ पासूनची परंपरा, तेव्हा दुसऱ्या हॉलमध्ये व्हायचे, तो महायुद्धात बॉम्बने गेला. यात त्याच दिवशीची उभ्याने ऐकायची तिकिटं मिळतात, ८ पौंडांच्या आसपास, आणि स्टेजच्या अगदी समोर उभं राहता येतं, महागड्या खुर्च्या सगळ्या मागे. त्या गर्दीत एकटे आलेले इतके असतात की जोडीने आलेलीच माणसं वेगळी दिसतात. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, भीती एवढीच की चुकीच्या जागी टाळी वाजवेन. इथे मध्ये दाद नाही, सिम्फनीचा एक भाग संपला की टाळी नाही, सगळे श्वास धरून बसलेले, आणि त्या मधल्या फटीत अख्खा हॉल एकदम खोकून घेतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना आणि चिमटा काढायला शेजारी कुणी नव्हतं, तेवढी एक वेळ एकटी आल्याचं वाईट वाटलं. सवाईची आठवण येते खूप, तिथे निदान मोकळेपणाने "क्या बात" म्हणता येतं.

लातूरची_हिंजवडीत
बाप रे एवढी उत्तरं! कोमलताई, ते तंबोऱ्याचं वाचूनच लवकर जायचं ठरवलं. @तिसरी_घंटा तुमचं पण पटलं, पण मला नंतर बोलायला कुणी नाही त्यापेक्षा ऐकताना शेजारी जांभया देणारं कुणी नको असं वाटतंय. आता आईचा पहिला प्रश्न. रात्री दहानंतर मुकुंदनगरहून हिंजवडी?

पेठेतला_आजोबा
स्वारगेटला मेट्रो आहे, मैदानापासून लांब नाही. संपल्यावर गेटवर रिक्षाशी हुज्जत घालत उभी राहू नकोस, लोकांचा लोंढा स्वारगेटकडे निघतो त्याच्याबरोबर चालत सुट, पिंपरीच्या बाजूची मेट्रो पकड आणि तिथून पुढे कॅब कर. शेवटची गाडी किती वाजता ते त्या दिवशी बघून ठेव. शनिवारी बाराला संपलं तर मेट्रो नसणार, त्या रात्री शहरात मैत्रिणीकडे वगैरे राहायची सोय बघ, पण शनिवार चुकवू नकोस. आणि रविवारी शेवटचं गाणं झालं की लोक पार्किंगसाठी पळतात तसं पळू नकोस. सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, भैरवीतली, ती ऐकून मग ऊठ.

तिसरी_घंटा
मी शनिवारी आहे. सतरंजीवरच. सगळे एकटेच येणार असाल तर एकत्र बसूया का, नंतर मिसळ माझ्याकडून.

कोमल_निषाद
मिसळीला येईन. बसणार लांब.

पेठेतला_आजोबा
रात्री बाराला मिसळ कुठे मिळते ते आधी सांगा.