इम्प्लांटच्या मधल्या काळातले तात्पुरते दात: कसे वापरायचे, कसे सांभाळायचे

पाटीपेन्सिल
एका घरी बेसिनशेजारी वाटीत कोरडाच ठेवलेला फ्लिपर (काढता-घालता येणारा तात्पुरता दात) दिसला आणि या विषयावर किती अर्धवट माहिती फिरते ते पुन्हा आठवलं. म्हणून हा धागा. ज्यांनी हे दात वापरलेत, घरातल्यांचे सांभाळलेत किंवा जे दवाखान्यात रोज बघतात, त्यांनी नेमकं काय करायचं ते लिहा. दुखण्याच्या कहाण्यांसाठी दुसरे धागे आहेत.

सुरुवात करते. इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात घालतात तो, स्क्रू बसवल्यावर हाडाने त्याला धरायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने लागतात, वरच्या जबड्यात ४ ते ६, कारण वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं. हाडाची भर घातली असेल तर आणखी थांबावं लागतं. या काळात स्क्रू हाडात १००-१५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याच्या दीडपट, तर भोवती हाड धरण्याऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो. मग तो स्क्रू काढावाच लागतो. म्हणून तात्पुरता दात फक्त बोलायला, हसायला आणि शेजारचे दात रिकाम्या जागेत कलू नयेत यासाठी. त्या दाताने चावायचं नाही. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

तिसरा मजला
आधी स्वतःचा प्रकार कोणता ते विचारून घ्या, कारण एकाचा सल्ला दुसऱ्याला चालत नाही.

फ्लिपर: गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर दात, कधी बाजूला तारेचे हुक. काढता-घालता येतो.
पारदर्शक साचा: सगळ्या दातांवर चढणारं प्लास्टिक, रिकाम्या जागी आत दात भरलेला.
मेरीलँड: दाताला मागून पंख असतात, ते शेजारच्या दातांना चिकटवतात. घरी काढायचा नाही.
स्क्रूवरच बसवलेली तात्पुरती कॅप. ही सगळ्यांना मिळत नाही, स्क्रू पुरेसा घट्ट बसला असेल तरच. बऱ्याच ठिकाणी ३५ न्यूटन-सेंटिमीटरचा टॉर्क (स्क्रू पिळताना लागणारा जोर) ही किमान मर्यादा मानतात.
आणि सगळेच दात काढले असतील तर पूर्ण कवळी, किंवा चार-सहा इम्प्लांटवर स्क्रूने घट्ट केलेली अ‍ॅक्रिलिकची अख्खी पंगत.

अंगणवेल
फ्लिपरवाल्यांसाठी. सूज ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते. त्या दिवसांत फ्लिपर बसत नसेल तर जोर लावू नका, बाहेर ठेवा. दात दिसला नाही तर काही बिघडत नाही, टाक्यांवर दाब आला तर बिघडतं.

बसवताना बोटांनीच, दोन्ही बाजूंना सारखा दाब देऊन. दातांनी चावून खटकन बसवायची सवय फार वाईट. पट्टी तडकते, हुक वाकतो आणि सगळा भार नेमका ताज्या जागेवर जातो. काढतानाही एकाच हुकाला नख लावून ओढायचं नाही.

आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, 'खालून घासून मोकळा केलाय ना?' पट्टीची आतली बाजू जखमेच्या जागी कोरून ठेवावी लागते, म्हणजे ती हिरडीला टेकत नाही. हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर लावतात ते छोटं झाकण) बसवल्यावर पुन्हा कोरावी लागते, कारण कॅप हिरडीच्या वर डोकावते.

खिडकीतून
+१ शेवटच्या मुद्द्याला. हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत.

सांजवात
टोचत असेल तर घरी कानशीने घासायचं का? सासूबाईंचं चाललंय तसं, म्हणून विचारते.

अंगणवेल
नाही ताई, अजिबात नाही. टोचतं एका जागी आणि आपण घासतो दुसऱ्याच. डॉक्टर पांढरी पेस्ट लावून बसवून बघतात, जिथे पेस्ट पुसली जाते तिथेच दाब असतो, तेवढंच अर्धा-एक मिलिमीटर घासतात. शिवाय कानशीने पृष्ठभाग खरखरीत राहतो, त्यावर बुरशी धरते. त्यांना फ्लिपर काढून ठेवायला सांगा, पण डॉक्टरांकडे जायच्या आधी काही तास घालायला सांगा. हिरडीवर लाल खूण उमटलेली असली की जागा लगेच सापडते.

सांजवात
हे काही तास आधी घालायचं कुणी सांगितलंच नव्हतं. आभार. कुकर झाला, येते नंतर.

रानवाट
धुण्याबद्दल. गरम पाणी नको, अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं आणि पुन्हा सरळ होत नाही. साधं किंवा जेमतेम कोमट पाणी. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक कणांनी चरे पडतात आणि चऱ्यांत डाग व जंतू बसतात. मऊ ब्रश, भांड्यांचा किंवा हात धुण्याचा सौम्य पातळ साबण, आतून-बाहेरून घासा, भरपूर धुवा. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल घाला. हातून निसटून सिरॅमिकवर आपटणं हे तुटण्याचं मोठं कारण आहे.

तोंडात नसेल तेव्हा पाण्यात बुडवून ठेवा. वाळला की आकार बदलतो, म्हणून वर लिहिलेली कोरडी वाटी चूकच. कवळी साफ करायची फेसाळणारी गोळी वापरली तर पाकिटावर लिहिलेली मिनिटं पाळा आणि नंतर चांगला धुवा. गोळी तोंडात कधीच टाकायची नाही. हुक धातूचे असतील तर ब्लीच टाळा, धातू गंजतो.

पारदर्शक साच्यालाही हेच नियम, पण तो जेवताना काढायचाच. चावून चावून काही आठवड्यांत भोक पडतं. साचा घालून रंगीत किंवा गोड पेय पिऊ नका, द्रव आत अडकून राहतो. त्याने डाग पडतातच, दातांनाही कीड लागते.

कोरा कागद
हा गोंधळ मला खूप दिवस आहे. एकाला सांगतात रात्री काढून ठेवा, दुसऱ्याला सांगतात पहिले २४ तास काढूच नका. खरं काय?

तिसरा मजला
दोन्ही खरं. दात काढून त्याच बैठकीत पूर्ण कवळी बसवली असेल तर ती पहिले २४ तास सहसा काढत नाहीत. ती जखमेवर पट्टीचं काम करते, आणि मध्येच काढली तर सुजेमुळे परत बसत नाही. पहिल्यांदा काढायची ती डॉक्टरांसमोर. फ्लिपरमागे एकच-दोन दातांची जागा असते, तो काढून ठेवला तर काही अडत नाही. जखम भरल्यावर मात्र दोघांनाही रात्री विश्रांती हवीच. रात्रंदिवस झाकलेल्या टाळूवर कँडिडा बुरशी वाढते, टाळू लालभडक होते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. आठवड्यातून एकदा आरशात टाळू बघा.

कवळीच्या आत मऊ अस्तर भरलेलं असेल तर ते कायमचं नसतं. काही आठवड्यांत कडक, खरखरीत होतं, ते बदलून घ्यायचं. कवळी सैल झाली याचा अर्थ बरेचदा हिरडी आक्रसली एवढाच असतो. वर चिकट क्रीम थापत राहू नका आणि टाके असताना तर क्रीम नकोच.

नदीकाठ
गुळण्या कधी सुरू करायच्या?

रानवाट
पहिले २४ तास काही नाही. खळखळून चूळ नाही, जोराने थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, नाहीतर रक्ताची गुठळी निघते. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिन (गुळण्यांचं जंतुनाशक औषध) दिलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच, साधारण एक-दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. टूथपेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टच्या फेसातल्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो.

आणि धूम्रपान बंद. हाड धरण्यात त्याच्याइतका अडथळा आणणाऱ्या सवयी थोड्याच आहेत.

खिडकीतून
विषय थोडा सोडून, पण उच्चारांचं लिहा ना कुणीतरी. वरच्या पटाशीच्या दातांमागे पट्टी आली की मराठीत फार पंचाईत होते.

कोरा कागद
होते खरी. 'स' शिट्टीसारखा येतो आणि 'चाक', 'जाळं', 'झाड' यांतले च, ज, झ अडखळतात. हे उच्चार जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकवून होतात आणि पट्टीची कड नेमकी तिथेच असते. 'चिमणी', 'जिना' यांत जीभ थोडी मागे टेकते, म्हणून ते आधी सुधारतात. रोज दहा मिनिटं मोठ्याने वर्तमानपत्र वाचा, अडलेला शब्द तिथेच सावकाश पुन्हा म्हणा. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत जमतं. नाही जमलं तर पट्टी जाड असेल, कड पातळ करून मागा.
तोंडाला पाणी सुटतं तेही सुरुवातीचे काही दिवस. गिळत राहा.

खिडकीतून
माझ्या शिकवणीच्या मुलांना आता 'चाक चालतं' असंच वाचून दाखवते!! दोन्ही कामं होतील.

तिसरा मजला
मेरीलँड आणि कॅपवाल्यांचं राहिलं. मेरीलँडला पटाशीच्या दातांनी काहीही तोडून खायचं नाही, पंख सुटतात. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वापरलात तर वर उचकटू नका, एका बाजूने सोडून बाजूनेच ओढून घ्या. सुटला तर डबीत ठेवा, फोन करा. सुपरग्लू नको. त्याचा थर राहिला की दात पुन्हा नीट बसत नाही, आणि हिरडीलाही अपाय.

स्क्रूवरची कॅप मुद्दाम थोडी आखूड ठेवतात, म्हणजे तोंड मिटताना दुसऱ्या जबड्यातल्या दाताला टेकत नाही. 'माझा दात टेकतच नाही' ही तक्रार नाही, तसंच हवं असतं. उलट काही दिवसांनी टेकायला लागली तर सांगा. हलत असेल तर दोन शक्यता: वरचा छोटा स्क्रू सैल झालाय, तो घट्ट करता येतो, किंवा खालचं इम्प्लांटच हलतंय, ते गंभीर. घरी ओळखता येत नाही, हलवून बघू नका. कॅपला मधोमध बुजवलेलं छिद्र असतं, ते बूच निघालं की आत अन्न अडकून वास येतो, तेही लगेच भरून घ्या.

पुढच्या दातांत ही कॅप हिरडीला आकार द्यायलाही वापरतात. तिच्यावर थोडं थोडं काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं द्रव्य) वाढवत नेतात. बसवल्यावर हिरडी पांढरी पडते, १०-१५ मिनिटांत गुलाबी व्हायला हवी. तोवर खुर्चीतून उठू नका.

नदीकाठ
हीलिंग कॅप गिळली गेली तर?

तिसरा मजला
गिळली तर सहसा शौचावाटे निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवा. ठसका, खोकला किंवा श्वासाला त्रास असेल तर थेट इस्पितळ. सैल होऊन हातात आली तर त्याच दिवशी जा. हिरडी ते भोक फार लवकर बुजवते, मग पुन्हा कापावं लागतं.

अंगणवेल
अख्ख्या पंगतीवाल्यांना एकच: सांगितलेले महिने मऊच खा. ती अ‍ॅक्रिलिकची असते आणि शेवटच्या इम्प्लांटच्या मागे लोंबता भाग असतो, तडा बहुधा तिथेच जातो. खालून जाड फ्लॉस आरपार ओढून साफ करा. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, सगळ्यात कमी दाबावर.

सांजवात
आले परत. सासूबाईंचे हात थरथरतात, फ्लिपर धरून घासणं जमत नाही. काही युक्ती?

रानवाट
नखं घासायचा ब्रश मिळतो, मागे रबरी चोषक असलेला. तो बेसिनला चिकटवायचा आणि फ्लिपर त्यावर फिरवायचा, एका हाताने होतं. ब्रशचे केस मऊ बघून घ्या. खाली टॉवेल हवाच. आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंच ठेवा, कुत्रे हे दात हमखास चावतात.

पाटीपेन्सिल
जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका हेही सांगा त्यांना. ताटाबरोबर कचऱ्यात जातो. झाकणाची डबी, तीही भडक रंगाची.

कोरा कागद
पक्का दात बसल्यावर जुना फ्लिपर टाकून द्यायचा की ठेवायचा?

अंगणवेल
ठेवा, पाण्यात, पाणी बदलत. पक्की कॅप दुरुस्तीला गेली तर तेवढ्या दिवसांपुरता उपयोगी पडतो. पण शेजारचे दात थोडेही सरकले असतील तर बसणार नाही, दाबून बसवू नका.

सांजवात
डबी आणि ब्रश दोन्ही यादीत लिहिलं. मोठ्या तोंडाची डबी कुणाला मिळाली असेल तर सांगा, त्यांना छोटं झाकण उघडत नाही.