सरांनी लावलेलं वळण: तुमच्या प्राध्यापकांची शिकवायची रीत इथे लिहा

आवडत्या प्राध्यापकांविषयी बोलताना आपण बहुधा त्यांचा स्वभाव सांगतो. कडक होते, मायाळू होते, तास कधी चुकवला नाही. त्यांनी नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने शिकवलं, ते मात्र राहूनच जातं. या धाग्यात तेवढंच लिहा. नाव-गाव नको. कृती, मापं, कुठे चुकतं आणि का चुकतं हे हवं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना उद्याच्या प्रॅक्टिकलला उपयोग व्हावा, इतकीच अपेक्षा.

रसायनशास्त्र, बी.एस्सी.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाचं किती माप दुसऱ्याला पुरतं ते मोजून तीव्रता काढणं. मॅडम यासाठी दोन प्रॅक्टिकलं द्यायच्या आणि पहिल्यात एकही रीडिंग लिहू द्यायच्या नाहीत. तो दिवस फक्त भांड्यांचा. ब्युरेट (खाली तोटी असलेली, मापाच्या खुणांची उभी नळी) आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, मग जे द्रावण भरायचं त्याच्याच थोड्या थोड्या भागाने दोनदा विसळायची. पिपेटचंही (ठरलेलं माप उचलायची नळी) तसंच. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. तो ऑक्झॅलिकने विसळला की भिंतीला लागून राहिलेलं आम्ल मोजलेल्या 10 मिलीत मिसळतं आणि रीडिंग फुगतं. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर काही बिघडत नाही, कारण आम्लाचे रेणू तेवढेच राहतात. पिपेटचं टोक काचेला टेकवून द्रावण सोडायचं. टोकात उरलेला थेंब फुंकून काढायचा नाही, पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच आखलेली असते.

दुसऱ्या दिवशी खरं काम. 0.1 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) ऑक्झॅलिक 250 मिली करायला स्फटिकरूप आम्ल 1.576 ग्रॅम. त्यातलं 10 मिली फ्लास्कमध्ये, त्यावर मोजपात्राने 10 मिली 2 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, मग 60 ते 70 अंशांपर्यंत गरम. इथे मॅडम दोन प्रश्न हमखास विचारायच्या. हायड्रोक्लोरिक का नाही? परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं, म्हणून रीडिंग जास्त येतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, त्यामुळे परमँगनेट कमी लागतं.

ब्युरेटमधून परमँगनेटचा पहिला थेंब टाकला की गुलाबी रंग काही सेकंद तसाच राहतो. पुष्कळ जण तिथेच एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याची खूण, समजून थांबतात. घाई करायची नाही. अभिक्रियेत तयार होणारे मँगेनीज आयन तिलाच वेग देतात, म्हणून पहिला रंग जाईपर्यंत थांबलं की पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. द्रावण तपकिरी, गढूळ झालं तर आम्ल कमी पडलंय किंवा ब्युरेट फार वेगाने सोडलीये. तो मँगेनीज डायऑक्साइड असतो. तसं झालं की ते रीडिंग सोडून द्यायचं, सांभाळून घेत बसायचं नाही. अखेरीस फिका गुलाबी रंग 30 सेकंद टिकला पाहिजे. खाली पांढरी टाइल ठेवली नाही तर तो फिकेपणा दिसतच नाही.

आणि परमँगनेट गडद असल्यामुळे वाचन मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) वरच्या कडेवर घ्यायचं. सुरुवातीचं वरच्या कडेवर आणि शेवटचं खालच्या, असं झालं की सगळं ओंफस.

वरच्याला पुरवणी

परमँगनेटचं द्रावण तयार करायची रीतही सांगायला हवी. वजन करून पाण्यात टाकलं की झालं, असं नाही. पाण्यातली सेंद्रिय घाण त्याला हळूहळू खाते. म्हणून उकळायचं, गार होऊ द्यायचं, काचेच्या लोकरीतून गाळायचं आणि तपकिरी बाटलीत ठेवायचं. साध्या फिल्टर पेपरवर गाळलं तर कागदच त्याच्याशी अभिक्रिया करतो. रबरी नळीची ब्युरेट याच कारणाने नको, काचेच्या तोटीचीच घ्यावी. तोटीखालच्या नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा आधी काढायचा. तो टायट्रेशनच्या मध्येच सुटला की त्याच्या जागेपुरतं द्रावण खर्ची पडल्यासारखं दिसतं.

मराठी, बी.ए.

आमचे सर वृत्त शिकवताना नाव सगळ्यात शेवटी सांगायचे. आधी बाकावर टिचक्या: ल म्हणजे लघु, आखूड अक्षर, एक टिचकी; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर, दोन. ‘लगागा लगागा लगागा लगागा’ असं वर्गभर चार-पाच वेळा घोळवलं की मग ओळ वाचायची. ती आपोआप त्या चालीत बसते. मग फळ्यावर लघु-गुरू, मग तीन-तीन अक्षरांचे गण, आणि सर्वात शेवटी भुजंगप्रयात हे नाव. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल मुलांच्या कानात आधीपासून असते. सर तिचाच उपयोग करून घ्यायचे.

‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करण्यापेक्षा वापरायचं कसं, ते महत्त्वाचं. हवा असलेला गण ज्या अक्षराचा, तिथून तीन अक्षरं उचलायची. य गण: यमाता, म्हणजे लगागा. र गण: राजभा, म्हणजे गालगा. स गण: सलगा, म्हणजे ललगा. कोष्टक पाठ करायची गरजच उरत नाही.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली, गण शब्दांवरून तोडणं. गण अक्षरांचे पडतात, एक शब्द दोन गणांत सहज विभागला जातो. दुसरी, जोडाक्षर दिसलं की त्यामागचं अक्षर डोळे झाकून गुरू धरणं. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू आहे, कारण म्हणताना त्यावर आघात येतो. ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’, ‘कुऱ्हाड’ यांत तसा आघात येत नाही, म्हणून ‘तु’, ‘उ’ आणि ‘कु’ लघुच. सर हे दोन्ही प्रकारचे शब्द मोठ्याने म्हणायला लावायचे आणि विचारायचे, ‘जीभ कुठे अडली?’ वृत्तशास्त्राचा अर्धा अभ्यास या प्रश्नात आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणखी एक नियम: चरणाच्या शेवटचं लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरू मानतात. तो ठाऊक नसला तर बरोबर सोडवलेली ओळही चुकल्यासारखी वाटते.

मंदाक्रांता या वृत्ताचं यतीसकट (ओळीतल्या थांब्यांसकट) असं घोकून घेतलं होतं: गागागागा, लललललगा, गालगागालगागा. चार, सहा, सात, एकूण 17. स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा.

स्थापत्य, डिप्लोमा

लेव्हलिंग, म्हणजे जमिनीच्या पातळ्या मोजणं. सरांचा पहिला नियम: यंत्र दोन्ही स्टाफच्या (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्यांच्या) साधारण मध्यावर लावा, मग त्याची दृष्टिरेषा थोडी तिरपी असली तरी बॅकसाइट (यंत्र लावल्यावरचं पहिलं वाचन) आणि फोरसाइटमध्ये (यंत्र हलवण्याआधीचं शेवटचं वाचन) चूक सारखीच येते आणि वजाबाकीत जाते. बबल आधी दोन फूट-स्क्रूंच्या रेषेत, मग दुर्बीण 90 अंश फिरवून तिसऱ्यावर. स्टाफ धरणाऱ्याने तो सावकाश पुढे-मागे झुलवायचा आणि वाचणाऱ्याने सर्वात कमी आकडा घ्यायचा. तिरक्या स्टाफवर आकडा नेहमी जास्तच येतो. फील्ड बुकाचं पान संपलं की तिथल्या तिथे पडताळा: बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, आणि शेवटची पातळी वजा पहिली पातळी. दोन्ही उत्तरं एकच आली पाहिजेत. मात्र हा पडताळा फक्त आकडेमोडीचा आहे. स्टाफवर 1.465 च्या जागी 1.645 वाचलं असेल तर तो पकडला जात नाही. त्यासाठी फिरून सुरुवातीच्या बेंचमार्कवर (पातळी ठाऊक असलेल्या खुणेवर) येऊनच बंद करावं लागतं.

वनस्पतिशास्त्र

खोडाचा काप. मॅडम म्हणायच्या, पूर्ण गोल जाड कापापेक्षा पाव गोलाचा पातळ काप शंभर पटींनी बरा. सूर्यफुलाचं कोवळं खोड गाजराच्या चिरेत धरायचं. ब्लेड आणि खोड दोन्ही ओले ठेवायचे, आणि ब्लेड दाबायचं नाही, तिरकं आपल्याकडे ओढायचं. 20-25 काप पाण्याच्या वॉच ग्लासमध्ये सोडून त्यातले जवळजवळ पारदर्शक दिसणारे ब्रशने उचलायचे. सॅफ्रानिन या लाल रंगात दोन-तीन मिनिटं, मग जादा रंग धुवायचा. लाकडी भिंतींची जलवाहिनी लाल राहते, बाकीचा रंग उतरतो. ग्लिसरीनचा एक थेंब, कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून सुईने हळूहळू खाली. सरळ टाकली की हवा अडकते. काळ्या जाड कडेचं नितळ वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा, पेशी नव्हे. जर्नलमध्ये त्याचं सुबक चित्र काढलेलं दर वर्षी एकदा तरी सापडायचं. आणि पेशी लांबट, एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसल्या तर काप तिरका गेला आहे: खोड गाजरात सरळ बसवून पुन्हा सुरुवात.